नाकारलेली किडनी

आई,

आज अकरावीला पेशीचा धडा शिकवत होते. मिठाच्या पाण्यात ठेवलेल्या बटाट्याच्या चकत्या लुळ्या पडल्या होत्या. पेशीतलं पाणी पडद्यातून बाहेर गेलं, एवढंच सांगायचं होतं. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "मॅडम, डायलिसिस असंच असतं का?" मी "साधारण असंच" म्हणाले आणि फळ्याकडे वळले.

तू चाकणच्या कंपनीत रबराचे पार्ट तपासायचीस. निघोज्याच्या खोलीवर परतलीस की पाय सुजलेले असायचे. शिफ्टभर उभं राहून सुजतात, म्हणायचीस. खरं कळलं तोवर दोन्ही किडन्या गेल्या होत्या. अप्पांना बसच्या ड्युटीवरून सुटी मिळायची नाही, म्हणून डायलिसिसला चिंचवडला आपण दोघीच जायचो. तू खुर्चीत, हातात जाड सुया. मी शेजारी स्टुलावर, बीएस्सीचं पुस्तक मांडीवर. पाणी बेतानेच प्यायचं, म्हणून तू बर्फाचा खडा जिभेवर धरून बसली आहेस आणि मशीनकडे बघत विचारतेस, "ह्याला कसं कळतं गं, काय ठिवायचं आन काय टाकायचं?" मी सांगते, आतून रक्त, बाहेरून पाणी, मध्ये बारीक भोकांचा पडदा, लहान कण निसटतात, मोठे आत राहतात. तू हसतेस. "उलटंच हाय की मंग. ल्हानानं ऱ्हावं, मोठ्यानं जावं."

अप्पांना शुगर, त्यांची किडनी चालणार नव्हती. माझी जुळते असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मला आनंदाने रडू फुटलं. तू पदर सावरून उठलीस. "मला न्हाई पायजे."

"मावशी, एका किडनीवर माणूस नीट जगतो," डॉक्टर म्हणाले.

"जगत आसंल. हिचं लगीन व्हायचंय, बाळंतपण व्हायचंय. लेकीला कापून मी जगू व्हय?"

बाहेर रिक्षा स्टँडवर मी तुझ्यावर ओरडले. माझं शरीर आहे, मी ठरवीन, म्हणाले. "तुजं?" तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "नऊ म्हैने कुठं व्हतीस मंग?" आणि माझ्याच खांद्याचा आधार घेऊन रिक्षात चढलीस. त्यानंतर किती विनवण्या केल्या, अप्पांनी शपथा घातल्या. तू बधली नाहीस.

शेवटच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता पाणी मागतील तेवढं द्या. त्या वाक्याचा अर्थ मला कळला, तुलाही कळला असणार. मी पेला तोंडाला लावला. दोनच घोट घेतलेस. "ग्वाड लागतंय," म्हणालीस.

आता मी पुनावळ्यात राहते. पाचवा महिना चालू आहे. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, हे इतकी वर्षं फळ्यावर काढत आले. परवा सोनोग्राफीत ते पडद्यावर हलताना पाहिलं. डॉक्टरबाई बोट ठेवून म्हणाल्या, "या बाळाच्या किडन्या. दोन्ही छान आहेत." नवऱ्याला वाटलं, मी आनंदाने रडतेय.

अप्पा म्हणतात, आता तुला आईचं मन कळेल. कळतं की. तुझ्या जागी मीही नाहीच म्हणाले असते. हे पत्र कुणाला दाखवणार नाही, अप्पांना तर नाहीच, कारण त्यांना वाटतं मी केव्हाच शांत झाले. आई, माझा तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही.