एक तास पुढे

२८ मार्च, शनिवार
उद्या पोर्तुगालचं घड्याळ उन्हाळ्यासाठी तासभर पुढे. त्यांची सकाळची नऊची बैठक आपल्याकडे अडीचऐवजी दीडला. बैठकांच्या वेळा लावणं माझं काम; हातानं बदलली. रवि — पुण्याचा आमचा साहेब, माझ्याहून बारा वर्षांनी लहान — हसला. "संगीताताई, कॅलेंडर करतं ते." करतं का? ही बैठक भारताच्या वेळेवर बांधलेली. आपोआप सरकलीच नसती! मनात फुशारले. बरं नव्हे.

३० मार्च, सोमवार
दीडला सगळे हजर.

३१ मार्च, मंगळवार
नणंदेच्या, उज्ज्वलाच्या, चौसाळ्याच्या नव्या घरात दूध उतू घातलं. मुहूर्त मामांनी, माझ्या सासऱ्यांनी काढलेला. त्यांची जुनी रीत — पंचांग मुंबईचं, आपला सूर्य बारा मिनिटं आधी उगवतो, म्हणून बारा वजा. पण यंदाचं पंचांग बीडच्या दुकानातलं. बीडच्याच वेळेचं! गुरुजी आले तेव्हा दूध उतू जाऊन सांडलेलं.
उज्ज्वला म्हणाली, "बाबा, आमचं दूध कावून एवढं घाईत होतं, आता कळलं!" सगळे हसले. मामा नाही हसले.
परतताना गाडीत मी म्हटलं, पहिल्या पानावर छापलेलं होतं की, मामा. एकदा बघायचं. "चाळीस वर्षं तेच करतुया मी. हात आपोआप जातो बाई." उगाच बोलले. म्हातारा माणूस.

२ एप्रिल, गुरुवार
चिलीच्या मार्सेलोची टिपणं माझ्याकडे येतात. खाणीच्या गाळाचं मोठं तळं, त्याला मातीचा बांध, खाली वस्ती. त्याचं घर त्याच वस्तीत, आईबरोबर. रात्री दहाला — आपले सकाळचे साडेसहा — तो पहारा पुण्यात प्रणिताला सोपवतो. दोन मिनिटांची बैठक, की त्याची शेवटची गाडी सुटते. तिकडची सगळी रात्र प्रणिता कॅमेरे बघते. काही हललं तर इथून भोंगा दाबायचा. आपोआप वाजणारा भोंगा दुरुस्तीला काढलाय.
आजचं टिपण — बांधाच्या पायथ्याशी ओल. पाऊस नाही, तरी ओल.
मामांना सांगितलं. उमेदीची सारी वर्षं कालव्यावर काढलेला माणूस. "कोरड्या दिवसांत ओल दिसली की नजर काढायची न्हाई."
रविला कळवलं. "तिकडचे इंजिनिअर बघतील, ताई. आपण वेळा बघायच्या." खरं आहे. माझं काम वेळांचं.

३ एप्रिल, शुक्रवार
ओल काल वीतभर होती. आज दोन हात.
बैठकांच्या सूचना सतरा. उद्या बघते.

५ एप्रिल, रविवार
चिलीचं घड्याळ काल मध्यरात्री मागे गेलं. म्हणजे तिकडचे दहा उद्यापासून आपले साडेसात. आजची साडेसहाची बैठक आटोपली, आणि यापुढच्या सगळ्या एक तास पुढे केल्या. कागदावर बेरीज तीनदा केली. बरोबर. एक तास जरी रिकामा गेला तर? पण बेरीज बरोबर आहे.
मार्सेलोचा निरोप — ओल आता वाहते.

६ एप्रिल, सोमवार
आठ बत्तीसला प्रणिताचा फोन. नांदूरघाटची पोर, घाबरली की गावाकडचं बोलते. "मॅडम, मी आत्ताच आले, साडेआठची वेळ होती ना? चौथा कॅमेरा काळा हाय. तिसरा बी. मार्सेलोसर न्हाईत."
साडेआठ? मी म्हटलं, साडेसात!
"माझ्याकडं साडेआठच दिसतंय, मॅडम."
भोंगा दाब म्हटलं. दाबला म्हणाली. तिकडे वाजला की नाही, ऐकणार कोण?
मार्सेलोचा फोन लागत नाही. दिवसभर लावतेय.

७ एप्रिल, मंगळवार
सकाळी बदलांचा इतिहास उघडला. शुक्रवार — मार्सेलोनं ही बैठक चिलीच्या वेळेवर बांधली. शेजारी त्याची टीप: 'म्हणजे संगीताला दर खेपेला गणित नको.' आपोआप सरकणार होती. सतरा सूचनांतली ती एक. रविवार — संगीता, एक तास पुढे.
बेरीज तीनदा तपासली. सोमवारचं पान एकदाही उघडून पाहिलं नाही.
रविचा फोन. "ताई, कुणी विचारलं तर सिस्टीमची चूक म्हणा. इतिहास पुसता येतो." मी म्हटलं, पुसू नका.
मामांनी दारातून विचारलं, "काय झालं?" मी पुन्हा मार्सेलोचा फोन लावला.

८ एप्रिल
सोमवारच्या बैठकीची खिडकी आज उघडली. आत एकच निरोप. सात चौतीसचा; तिकडे दहा वाजून चार मिनिटं.
'कोणी आलं नाही, बैठक अकराला दिसतेय. गाडी भोंगे देतेय. पण वेळ तू लावलीस, म्हणजे कोणीतरी बघत असेलच. घरी जातो.'