मोठा टाका

ता. ४ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला म्हणून रुसली असशील. रुस खुशाल. इथे माझी तारेवरची कसरत चालली आहे. पुढच्या खोलीत गोधड्या, मागच्या खोलीत आई, मधे स्वयंपाकघर, आणि मी तिन्हीकडे. हे म्हणतात, आपल्या घरी पाहुण्यानं बघून बसावं, खाली सुई असायचीच. तुझी भाची परीक्षेचा अभ्यास जिन्यात बसून करते, कारण चिंध्यांच्या धुळीनं तिला शिंका येतात.

आता मुख्य गोष्ट. कोपऱ्यावरच्या शाळेतल्या बाईंनी त्यांच्या यजमानांचे शर्ट आणून दिले होते. यजमान गेले, शर्ट टाकवत नाहीत, तर गोधडी करून द्या म्हणाल्या. ती पुरी होत आली होती. परवा दूध उतू चाललं म्हणून मी उठले, परत येते तो आई कात्री घेऊन बसलेली आणि कितीतरी ओळी उसवलेल्या. शांतपणे म्हणाली, टाका मोठा पडलाय, परत घाल. तिला माझं नाव आठवत नाही, मला वहिनी म्हणते, पण टाका मोठा पडलेला मात्र बरोबर कळतो!

मी ओरडले गं. खूप ओरडले. तेव्हापासून शिवताना पुढच्या खोलीला आतून कडी लावते. आई दाराबाहेर येऊन उभी राहते. दार वाजवत नाही, हाक मारत नाही. तिची सावली फटीतून दिसते आणि मला सुईत दोरा ओवता येत नाही.

बाकी सर्व ठीक. माया आहे तशीच घट्ट राहू दे.

तुझी,
ताई


ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कडीचं वाचलं आणि ड्यूटीवर माझा हात चालेना. स्पष्ट लिहिते, राग मानू नकोस. मी नर्स आहे, अशी माणसं वॉर्डात रोज बघते. आईचं विसरणं आता वाढतच जाणार. तुझी मात्र एक ना धड भाराभर चिंध्या अशी गत होईल, आणि तुझ्याकडे तर चिंध्या खरोखरच भाराभर आहेत.

आमच्या हॉस्पिटलजवळ अशा म्हाताऱ्या माणसांसाठी एक घर आहे. स्वच्छ आहे, तिथल्या बाया प्रेमळ आहेत. महिनाअखेर एक खोली रिकामी होते आहे, मी शब्द टाकून ठेवला आहे. ड्यूटी संपली की मी रोज आईकडे जाईन. तिला पाठवायचं नसेल तर गोधड्या बंद कर. पण आई दाराबाहेर आणि तू आत, हे मला सहन होत नाही. काय ते एक ठरवून कळव.

आठवतं ना, आईनं माझा पहिला रुमाल इतक्यांदा उसवला, की कापडाची जाळी झाली आणि मी शिवण सोडून माणसांना सुया टोचायला लागले? तू मात्र हट्टानं पुन्हा पुन्हा टाके घालत बसायचीस, आई एकदा तरी छान म्हणेल म्हणून. तू आणि आई, दोघी एकाच माळेचे मणी.

रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
चिमणी


ता. २१ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. दुरून डोंगर साजरे, बाई. गोधड्या बंद कर, किती सहज लिहिलंस! सुई हातात असते तेवढाच वेळ मी कुणाची आई, कुणाची बायको, कुणाची वहिनी नसते. आणि जिनं मला सुई धरायला शिकवलं, तिलाच सुईपायी घराबाहेर काढू? एवढं लिहून कागद तसाच ठेवला होता. आता राग उतरला आहे, पुढचं वाच.

बाईंची गोधडी परत घालायला घेतली तेव्हा तुझी भाची शेजारी येऊन बसली, शिंकत शिंकत. तिच्या लक्षात आलं, की आजीनं सरसकट उसवलेलं नाही. चांगल्या ओळींना हातच लावलेला नाही. मी निरखून पाहिलं, तर खरंच. उसवल्या जागी सुईची भोकं लांब लांब पडलेली. ते सगळे टाके मी एक डोळा शेगडीवर आणि एक कान मागच्या खोलीकडे ठेवून घातले होते.

मग मी कडी काढली. आता रोज दुपारी आईला खुर्चीत बसवते, मांडीवर गोधडी आणि हातात लहान कात्री देते. ती ओळीवरून बोट फिरवत जाते, खोट सापडली की उसवते, आणि माझ्याकडे अशी बघते की मी पुन्हा तिच्या पायाशी बसलेली पोर होते. तेवढा वेळ ती कुठे भटकत नाही, घाबरत नाही. शाळेतल्या बाईंना मी घडलं ते सांगितलं. त्या आईशेजारी बसून राहिल्या, आणि उशीर झाला तर होऊ दे म्हणाल्या.

कामं निम्म्यावर आली आहेत, हे मान्य. हे कुरकुरतात, पण कुरकुरत का होईना, भांडी घासतात. तू ती खोली सोड, चिमणे. आई इथेच राहील आणि मी शिवत राहीन.

राग गेला, माया आहे. तुझीही असू दे.

तुझी,
ताई


ता. २८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्यापुढे हात टेकले. खोली एका आजोबांना मिळाली. दाजींना म्हणावं, भांडी घासताना कुरकुर केली की डाग राहतात.

एकच सांगते, आणि हे नर्स म्हणून. एक दिवस असा येईल, की आई बोट फिरवेल आणि उसवणार नाही. तुला वाटेल पास झाले. तसं नसेल, ताई. तेव्हा एकटी रडत बसू नकोस, मला लिही.

लांबून का होईना, मी आहे.

तुझी,
चिमणी


ता. ९ नोव्हेंबर

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तू म्हणाली होतीस म्हणून लिहिते आहे.

आईच्या जुन्या कपड्यांची एक गोधडी तुझ्यासाठी शिवायला घेतली होती. हल्ली आईचं बोट ओळीवर नुसतंच रेंगाळायचं. माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हणून काल मी मुद्दाम एक ओळ वाईट घातली. हाताएवढाले टाके, तेही वाकडे. असली ओळ मी लहानपणीही घातली नसेल. गोधडी आईच्या मांडीवर ठेवली आणि मनात म्हटलं, उसव, आई, उसव.

ती त्या ओळीपाशी थांबली. बोट मागे नेलं, पुढे नेलं. मग कात्री खाली ठेवली, कापड थोपटलं आणि म्हणाली, छान झालंय हो, वहिनी.

जन्मभर या एका शब्दाची वाट पाहिली गं मी. मिळाला, तो या ओळीसाठी. मला भडभडून आलं. तुझी भाची जिन्यातून धावत आली आणि मला धरून बसली.

गोधडी तुला पाठवते आहे. तिच्यात ती ओळ शोधू नकोस, सापडायची नाही. डोळे पुसले, कात्री उचलली आणि मीच ती उसवली. आई बघत होती. मी तिला सांगितलं, टाका मोठा पडलाय, परत घालते.

रजा मिळेल तेव्हा ये. तोवर ही पांघर, आणि माया असू दे.

तुझी,
ताई