गाडी सकाळी सुरू होत नाही त्याबद्दल

ती. वन्संना,

वहिनीचा वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात वाकता आलं नाही, मनातल्या मनात वाकले आहे, तो पोचला असं समजावं.) भाऊजींचं ब्लडप्रेशर आता ताळ्यावर आलं असेल. इकडची खुशाली म्हणाल तर माणसं बरी आहेत, गाडी अंथरुणाला खिळली आहे. महिन्यापूर्वी उलट होतं.

अप्पांचं तुम्हाला ठाऊकच आहे. खुब्याचं ऑपरेशन झालं, टाके निघाले, हाड जुळलं, पण तुमचे वडील काही पलंग सोडीनात. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की आत्ता पायावर भार दिला नाही तर पुढे ते कधीच चालणार नाहीत. फिजिओच्या बाई रोज येऊन गोड बोलत, अप्पांचं उत्तर एकच, "उद्यापासून." आजचं काम उद्यावर ढकललं म्हणून पोरांना छड्या मारलेले मुख्याध्यापक हे. वॉकर कोपऱ्यात उभा आणि त्याच्यावर तुमच्या बंधुराजांचे टॉवेल वाळत घातलेले. मी रागावले, रडले, तुम्हाला फोन करायला लावला. ढिम्म. खरं सांगते, मला फार भीती वाटत होती.

अशात एका सकाळी गाडीने मान टाकली. किल्ली फिरवली की नुसतं टक टक, आणि समोरचे सगळे दिवे मिणमिणते. मी दुसरीकडे कुठे कामाला असते तर चाललं असतं, पण लॅबमध्ये माणसं उपाशीपोटी रक्त द्यायला येऊन बसलेली असतात, आणि सकाळचा चहा न मिळालेल्या माणसाच्या नजरेला नजर देणं सोपं नाही. म्हणून मी किल्ली फिरवतच राहिले. तेवढ्यात अप्पांच्या खोलीतून (तिची खिडकी गाडीच्याच बाजूला उघडते) आवाज आला, "अगं, किती सेल्फ मारशील? आहे ती बॅटरीसुद्धा संपेल." ऑपरेशननंतर त्यांनी आपणहून काही बोलायची ही पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पलंगावरून नीट दिसेना, म्हणून अप्पा खिडकीशी आले. (कसे आले ते कोणी पाहिलं नाही, टॉवेल मात्र जमिनीवर होते.) मग तिथून उंटावरून शेळ्या हाकणं सुरू झालं. आधी म्हणाले टर्मिनल खराब असतील. मी गरम पाण्याने त्यांच्यावरची पांढरी पूड घासून काढली. मग म्हणाले अर्थिंगची वायर सैल असेल. मी पाना घेऊन ती आवळली. मग म्हणाले मी रात्री हेडलाइट चालू ठेवत असेन. (याला निदान म्हणत नाहीत, आरोप म्हणतात.) आता अप्पांनी जन्मात स्टिअरिंगला हात लावलेला नाही, पण शाळा चालवलेल्या माणसाला गाडीचं काय. प्रत्येक चुकीच्या निदानाबरोबर ते थोडे पुढे यायला लागले. खिडकीतून दार, दारातून पायऱ्या.

शेवटी रोज ढकलूनच गाडी सुरू करायची असं ठरलं. बंधुराज आत बसून दुसरा गिअर टाकतात आणि मी ढकलते, कारण पाठ त्यांची दुखते. (कंबर माझी धरली, ती अशी.) सोबतीला समोरचे बँकवाले असतात. अप्पा पायरीवर वॉकर रोवून सूचना देतात. "मागच्या बाकावरचे नुसता हात लावतायत," असं ते एकदा म्हणाले आणि एवढे मोठे शाखाधिकारी, पण बिचारे खरोखर ओशाळले. गॅरेजवाला बोलावला. त्याने डायनमो बघितला, पट्टा बघितला, सेल्फ उघडून बघितला. सगळं ठणठणीत. म्हणाला, बॅटरी जुनी आहे, टाकून द्या. अप्पांना ते लागलं. जुनं झालं की टाकून द्यायचं हे कुठलं शास्त्र, असं त्यांनी त्याला उभ्या उभ्याच विचारलं. उभ्या उभ्या, वन्सं. मी गॅरेजवाल्याकडे बघतच नव्हते, पायांकडे बघत होते.

मध्येच दोन दिवस गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. पहिल्या दिवशी अप्पा बूट घालून पायरीपर्यंत आले होते. "झाली वाटतं," एवढंच म्हणाले, मागे फिरले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. दुसऱ्या दिवशी दाढीसुद्धा केली नाही. फिजिओच्या बाईंना पुन्हा "उद्यापासून." मी चालू गाडीत बसून रडले. तिसऱ्या दिवशी सुदैवाने टक टक झालं आणि अप्पा पायऱ्या उतरून थेट बॉनेटपाशी आले.

असो. यंत्राचा काही भरवसा नाही. मुलांना अनेक आशीर्वाद.

तुमची (लॅबमध्ये रोज उशिरा पोचणारी)
वहिनी

ता. क. सुदैव वगैरे काही नाही. डिकीतल्या दिव्याचं बटण मोडलं आहे, त्यामुळे डिकी बंद केली तरी आतला बल्ब रात्रभर जळतो आणि बॅटरी पिऊन टाकतो. एकदा पिशवी काढताना मला त्याचा चटका बसला तेव्हा कळलं. मी बल्ब काढला, गाडी सुधारली, अप्पा बिघडले. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी बल्ब लावते आणि सकाळी लॅबसमोर काढून पर्समध्ये ठेवते. तुमच्या बंधुराजांना यातलं काही माहीत नाही, आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही.

ता. क. दुसरा. भाऊजी रविवारी नवी बॅटरी घेऊन येणार असं कळलं. त्यांनी जरूर यावं, राहावं, जेवावं, पण बॅटरी आणू नये. नवी बॅटरी एवढ्याशा बल्बला भीक घालणार नाही. त्यापेक्षा गाडी फाटकापाशी जाऊन बंद पडेल असा एखादा निरुपद्रवी बिघाड त्यांना ठाऊक असला तर तेवढा शिकवून जावा. अप्पांना अजून फाटक गाठायचं आहे.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवण्याआधी बल्ब लावून यावा म्हणून आत्ता खाली गेले होते. बल्ब माझ्या मुठीत, आणि डिकी उघडली तर आत दिवा लागलेला. दुसराच कुठला तरी बल्ब, हलू नये म्हणून कागदाची घडी घालून घट्ट बसवलेला. बंधुराजांना विचारलं, तर डिकीत दिवा असतो हेच त्यांना माहीत नव्हतं. अप्पांच्या खिडकीतून मी रोज संध्याकाळी काय करते ते दिसत असणार, हे माझ्या लक्षातच आलं नाही. वॉकर त्यांच्या पलंगाशीच होता. म्हणजे भिंत धरत, गाडी धरत, ते एकटे मागपर्यंत जाऊन आले. मी वर आले तेव्हा त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, की उद्या बँकवाल्यांना जरा लवकर बोलाव. बोलावते म्हणाले. आता हे कोणालाच माहीत नाही असं आम्ही दोघं धरून चाललो आहोत. तुम्हीही तसंच धरा.