पहिला अर्धा तास मोटर बंद

नाना, आज सकाळी मी आपल्या कॉलनीतल्या लोकांवर भर रस्त्यात ओरडले. इतकी वर्षं मी नाशिकच्या पाण्यावर, धुरावर, डासांवर लिहितेय, आणि वाचक मला एकच सांगत आलेत, महापालिकेला झोडा. झोडते की. झोडायलाच हवं. पण गेल्या काही आठवड्यांत कॉलनीत काविळीनं एकामागून एक घर धरलंय. शेजारणीची बारावीतली मुलगी दवाखान्यात आहे, तिच्या डोळ्यांतला पिवळेपणा उतरत नाही. पाइप कुठेतरी गटारापाशी फुटलाय आणि ती जागा सापडत नाही. प्रत्येकानं थेट नळालाच मोटर जोडलीय. सगळ्या एकदम ओढायला लागल्या की लाइनमधला दाब पडतो आणि फुटक्या जागेतून गटार आत येतं. हे मी माझ्या सदरात तीनदा लिहिलं. 'छान लेख मॅडम' असे मेसेज आले. मोटर एकानंही काढली नाही.

तुम्ही पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होतात तेव्हा गळती शोधायला तुमच्याकडे एक लोखंडी सळई होती. एक टोक जमिनीला, दुसरं कानाला. मला आठवतं, मी कॉन्व्हेंटमधून परत येतेय, पांढरे मोजे, इस्त्रीचा स्कर्ट, बरोबर दोन मैत्रिणी, आणि तुम्ही गल्लीच्या मधोमध गुडघे टेकून बसला आहात. मला बघून हाक मारता, "ये, ऐक." मी म्हणते, मोजे खराब होतील. खरं तर मैत्रिणी बघताहेत. तुम्ही आवाज न चढवता म्हणता, "मोजे धुता येतात. लोकांच्या पोटात गेलेलं पाणी धुता येत नाही." मैत्रिणी निघून गेल्यावर मी गुडघे टेकले. सळईतून बारीक, न थांबणारं सुस्स ऐकू आलं, प्रार्थनेच्या वेळी बडबडणाऱ्या मुलींना सिस्टर गप्प करायच्या तसं. दुसऱ्या दिवशी तिथेच खणलं आणि पाइप सापडला. घरी आईनं तुम्हाला चहा दिला आणि मला मोजे धुवायला बसवलं.

तुम्ही गेलात, पण तशी सळई घेऊन फिरणारा एक माणूस अजून आहे, रिटायर व्हायला आलेला. मीच मागे लागून त्याला बोलावलं. तो म्हणाला, "ताई, पाणी सुटल्यावर पयला अर्धा तास सगळ्या मोटरी बंद ठेवा. नायतर मला निस्ती घरघर ऐकू येती." काल मी कॉलनीच्या ग्रुपवर तसं टाकलं. सगळ्यांनी अंगठे दिले. एका काकांनी तर हात जोडलेले दोन टाकले.

आज पाणी सुटलं आणि दोन मिनिटांत गल्ली घरघरायला लागली. मी बेल वाजवत सुटले. ते हात जोडणारे काका बनियनवर बाहेर आले. "पाचच मिनिटं लावलीय हो. समोरच्यांना सांगा आधी, ते सगळं ओढून घेतात." समोरच्या वहिनी म्हणाल्या, "काकांनी बंद केली की मी करते." मी म्हटलं, अहो, तुमच्याच घरात दोघांना कावीळ होऊन गेली! तर म्हणतात, "म्हणून तर फिल्टर बसवला ना." वरच्या मजल्यावरून एकानं विचारलं, "मॅडम, पेपर सोडून मोटर इन्स्पेक्टर कधी झालात?" लोक हसले. तेव्हा मी ओरडले. काय ओरडले ते तुम्हाला सांगत नाही, सिस्टरांनी तोंड साबणानं धुतलं असतं. शेजारीण दवाखान्यात न्यायचा डबा हातात घेऊन फाटकात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "जाऊ द्या ताई." तिच्याकडे मात्र मोटर बंद होती.

सळईवाला गल्लीभर वाकून वाकून फिरला. सगळ्यात शेवटी तो माझ्या फाटकापाशी आला, सळई टेकवली, कान लावला आणि बराच वेळ तसाच राहिला. मला वाटलं, सापडलं. त्यानं वर माझ्याकडे बघितलं, सळई पुसली आणि म्हणाला, "आज नाय जमायचं. पुढल्या आठवड्यात बघू." सायकल काढून तो गेला. मी आत आले तर गच्चीवरची टाकी भरून पाणी पागोळ्यांसारखं अंगणात पडत होतं. नाना, ग्रुपवर तो मेसेज मीच टाकला होता. पाणी सुटल्या सुटल्या, सळईवाला येण्याआधी आपली टाकी भरून घ्यावी, बंद करायला कितीसा वेळ लागतो, असं म्हणून मीच बटण दाबलं होतं. मग लोकांना सांगायच्या घाईत तशीच बाहेर पडले.

संध्याकाळपर्यंत लेख द्यायचाय. लिहून झालाय, काका आहेत, वहिनी आहेत, फिल्टर आहे. माझी टाकी नाही. ती फक्त या कागदावर आहे, आणि हा कागद कुठे जाणार नाही हे ठाऊक होतं म्हणूनच मला ती लिहिता आली.