मी केलेली पिन

आबा, कारखान्यात ऊस ओढणाऱ्या गव्हाणीचा गिअर फुटला, त्या दिवसाचं तुम्हाला विचारायचं राहूनच गेलं. आता तुम्ही नाही, आणि माझं डोकं त्यातच अडकलंय. मी कॉम्प्युटरवर इमारतींचे लोखंडी सांगाडे हलवून बघते. भूकंपात तुळईतला एक छोटा तुकडा वाकावा, फाटावा, खांब मात्र उभे राहावेत. मग बोल्ट खोलून तेवढा तुकडा बदलायचा. म्हणजे तुमची पिनच की हो! ऊस अडकला की मऊ लोखंडाची पिन तुटायची, गिअर वाचायचा, आणि तुम्ही फिटर लोक खिशातून दुसरी काढून बसवायचात.

परवा खापर गावाकडच्या मुलींच्या वसतिगृहासाठी आलेल्या तुकड्यांचं लोखंड तपासलं, तर कागदावरच्यापेक्षा भलतंच मजबूत निघालं. सगळे खूश. मी तोच आकडा घालून सांगाडा हलवला, तर तुकडा ढिम्म, आणि खालचा खांबच वाकला. तीनदा करून पाहिलं. मीच चुकतेय का, काही कळेना. ऑफिसातले सर म्हणाले, "अगं, लोखंड मजबूत असून कुणाचं वाईट झालंय का?" मला कारखान्याच्या वसाहतीतलं आपलं स्वयंपाकघर दिसत होतं.

डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी कॉलेजच्या लेथवर मी तुमच्यासाठी पिन केली होती, कडक पोलादाची, घासून घासून चकचकीत. हातातली भाकरी ताटात ठेवून तुम्ही ती उजेडात धरलीत, हसलात. "इतली पक्की पिन काय कामनी, बेटा? तिन्हं कामच तुटानं शे." मला रडूच आलं. तुम्ही पिन खिशात टाकलीत. आठवड्याच्या आत गिअर फुटला, गव्हाण बंद, उसाच्या गाड्या खोळंबलेल्या, आणि सगळ्यांसमोर इंजिनिअरची बोलणी खात तुम्ही मान खाली घालून उभे. तुमचा डबा घेऊन मी तिथंच होते. घरी आल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "व्हई जास," होऊन जातं असं. पिनेचं नाव नाही. अहो, तुम्हाला सगळं ठाऊक होतं, मग बसवलीत कशाला? माझं मन राखायला? की घाईत तीच हाती आली? की गिअरला बसवलेली पिन माझी नव्हतीच? काही उलगडत नाही, आणि तुमचा रागही येतो.

आज सरांना लिहून टाकलं, हे तुकडे परत पाठवा, त्या छताखाली मुली झोपणार आहेत. त्यांनी लगेच फोन केला, "असं होताना कुठं पाहिलंस?" मी सांगितलं, वडिलांच्या कारखान्यात. पिन कुणी केली होती, ते मात्र सांगितलं नाही.