आपल्या दोघांचा ताप

प्रिय धाकट्या,

तू रोज फोन करतोस आणि मी 'मस्त आहे' म्हणून विषय बदलते. मस्त आहेच. काल न थांबता दोन मजले चढले. तुझ्या भावोजींनी जिन्यात टाळ्या वाजवल्या, तेव्हा काय झालं ते बघायला शेजारच्यांनी दार उघडलं.

ऑपरेशनचं मात्र तुला अर्धवटच सांगितलंय. सुरुवात आमच्या पडद्यांच्या दुकानात झाली. एका मोठ्या खिडकीला पडदा लावायला शिडीवर चढले आणि छातीवर कुणी कापडाचा गठ्ठा ठेवल्यासारखं वाटलं. पित्त समजून अंगावर काढलं. पुन्हा तसंच झालं, तेव्हा भावोजींनी हाताला धरून दवाखान्यात नेलं. तिथे स्कॅन केला. शिरेतून औषध सोडलं की अंगभर गरम लाट जाते, श्वास रोखायचा, यंत्र फिरतं, झालं. मग हृदयाच्या डॉक्टरबाईंनी चित्र दाखवलं. हृदयाला रक्त पुरवणारी नळी एका जागी बोराएवढी फुगली होती. आत गुठळी, पुढे नळी चिंचोळी. असा फुगा फार कमी जणांत सापडतो म्हणे. अभिमान बाळगावा की रडावं, कळेना. मग त्यांनी विचारलं, "लहानपणी कधी बरेच दिवस ताप होता? डोळे लाल, बोटांची सालं निघालेली?"

मला एकदम आईच्या अंथरुणात पडलेली लहानगी मी आठवले. अंग फणफणलेलं, जीभ लालभडक, आणि ताप उतरल्यावर बोटांच्या टोकांची कातडी निघायची. सगळे गोवर म्हणाले होते. बाई म्हणाल्या, हा कावासाकी. मला आधी मोटारसायकलच वाटली, पण हा लहान मुलांचा ताप, कधीकधी हृदयाच्या नळ्या फुगवून जातो म्हणे.

पुढे डॉक्टरांचीच जुंपली. एक म्हणाले, मनगटातून तार घालून आतून अस्तर लावलेली जाळी बसवू, कापाकापी नको. शस्त्रक्रिया करणारे म्हणाले, त्या वळणावर, एवढ्या गुठळीत जाळी टिकायची नाही. माझ्यासाठी इतकी माणसं तावातावाने भांडताहेत हे बघून उलट धीर आला. शेवटी फुगा बांधून बंद केला आणि छातीतलीच एक नळी वळवून पुढे जोडली. आता टाके ताणू नयेत म्हणून उशी छातीशी धरून खोकते, गोळ्या वेळेवर घेते, भावोजींच्या हातचं निमूटपणे जेवते.

आता हे पत्र कशासाठी, ते. परवाच्या तपासणीत बाईंनी विचारलं, "तेव्हा घरात आणखी कुणाला ताप होता?" होता. तुला. तू दीड वर्षाचा होतास, माझ्याच शेजारी निजायचास. तुझ्याही बोटांची निघालेली सालं तू तोंडात घालू नयेस म्हणून आईने तुझ्या हातांना मोजे बांधले होते. बाई म्हणाल्या, "भावाला एकदा आणाच." बहुतेकांना पुढे काहीच होत नाही, तुलाही नसेल. पण दिवसभर मुलांना पोहायला शिकवणारा तू, हल्ली दोन फेऱ्यांत काठ धरतोस आणि वय झालं म्हणून हसतोस. फोनवर सांगितलं असतं तर हेही हसण्यावारी नेलं असतंस. माझं वेळेत दिसलं म्हणून दुरुस्त झालं. तुझं आणखी लवकर दिसलं, तर कदाचित नुसत्या गोळीवर भागेल. सोमवारची वेळ घेतली आहे. सबब सांगू नकोस. यंत्राच्या खोलीत मला येऊ देणार नाहीत, पण दाराबाहेर बाक आहे. मी तिथे बसते, तू आत जा.

तुझीच,
नव्या जोडाची ताई