तिसऱ्या ट्रॅकवरचा खोकला

ती. बाबांना नमस्कार.

मी बरी आहे. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं. घरचा पंखा अजून करकरतोच ना?

फिल्म स्कूलमध्ये आवाजाची साफसफाई आता एआय करतं. सरावासाठी मी तुमचा रेकॉर्ड केलेला निरोप त्याला दिला. त्याने तुमचा आवाज वेगळा काढला, पंखा वेगळा. तिसऱ्या ट्रॅकवर खोकला निघाला. आईचा. निरोपात तर तुम्ही म्हणता, ती ठणठणीत आहे.

सरांना ऐकवलं, तर म्हणाले, "जिथे ऐकू येत नाही, तिथे एआय अंदाजाने भरतं. आधी मूळ ऐकायचं, मग यंत्राला द्यायचं, हा नवा नियम कशासाठी केलाय? कान काय चष्मा अडकवायला आहेत?" सगळे हसले. मीही.

मग मी मूळ निरोप ऐकला. आता त्यातही खोकला ऐकू येतो. तो खरंच आहे, की एकदा ऐकल्यामुळे भासतो, हे मला ठरवता येत नाही.

फोनवर आईबद्दल विचारलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहिते आहे. यापुढे रेकॉर्ड केलेले निरोप नकोत. फोन करा आणि तो आईच्या हातात द्या. तिला बोलवत नसेल, तरी द्या.

तुमची,
धाकटी